लंडनच्या बसचा जिना



चाळिशी उलटलेला, दिसण्यात धट्टाकट्टा गृहस्थ कचेरीत जाता जाता छातीत कळ येऊन कोसळतो, ही वार्ता आज कोणत्याही गावाला अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडात तिने डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. मध्यमवयीन पुरुषांत हृद्रोगाने होणारे मृत्यू वाढत होते. कारणांविषयी तर्क पुष्कळ होते, पुरावा थोडा होता.

हा पुरावा शोधण्याचे काम डॉ. जेरी मॉरिस यांनी अंगावर घेतले. ते १९१० साली लिव्हरपूल येथे जन्मले, ग्लासगोत वाढले आणि युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथेही होते. माणसाचा व्यवसाय आणि त्याचे हृदय यांचा काही संबंध आहे काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पण हमाल आणि कारकून यांची तुलना करून काय निष्पन्न होणार? दोघांचा पगार निराळा, घर निराळे, ताटातले अन्नही निराळे. श्रमाखेरीज इतर बाबतींत सारखी असतील अशी माणसे हवी होती, आणि ती लंडनच्या दुमजली बसवर सापडली.

त्या बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर असे दोघे असत. दोघे एकाच थरांतले, नोकरी एकाच संस्थेची. मात्र ड्रायव्हर आपल्या पाळीचा सुमारे ९० टक्के वेळ बसून काढी, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसभर वरखाली करी. मॉरिस यांच्या सहकाऱ्यांनी बसमध्ये बसून हे सारे मोजले. कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. मुंबईच्या दुमजली बसमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो अरुंद जिना आणि धावत्या गाडीतील ती चढण डोळ्यांपुढे आणता येईल.

३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांची पाहणी झाली आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात तिचे निष्कर्ष आले. वर्षाकाठी दर हजारी ड्रायव्हरांत हृद्रोगाचे प्रमाण २.७ होते, तर कंडक्टरांत १.९. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. कंडक्टरांत रोग पुष्कळदा श्रमाच्या वेळी छातीत दुखणे अशा सौम्य रूपाने प्रथम प्रकटे. पहिल्याच झटक्यात दगावणारे त्यांच्यात कमी. टपाल खात्यातही हेच दिसले. घरोघर पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित ठरले. (आम्हा शिक्षकांना कोणत्या रांगेत बसवावे, हे मला सांगता येत नाही. वर्गात आम्ही उभे असतो आणि उत्तरपत्रिका तपासताना तासन् तास हलत नाही.)

यावर एक आक्षेप सहज सुचतो. आधीच लठ्ठ असलेला मनुष्य ड्रायव्हरची जागा पसंत करीत असेल, तर दोष बैठकीला का द्यावा? या शंकेचा माग घेताना मॉरिस यांना गणवेशाच्या नोंदी उपयोगी पडल्या. बसखाते नोकरांना विजारी पुरवीत असे आणि कमरेचे माप लिहून ठेवी. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ड्रायव्हरांच्या कमरा अधिक रुंद आढळल्या, तरुण वयातदेखील. म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती! माझ्या मते या संशोधनाचा खरा मोठेपणा येथे आहे. स्वतःच्या सिद्धांताला अडचणीचा ठरणारा पुरावाही त्यांनी छापून टाकला.

पुढची पायरी त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांवर गाठली. हे सारे खुर्चीवर बसणारे, ४० ते ६४ वर्षांचे, संख्येने १६,८८२. सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, त्यांना मागील शुक्रवारी व शनिवारी फावल्या वेळात काय काय केले ते लिहावयास सांगण्यात आले. १९७३ साली हिशेब लागला. पोहणे, जोराने चालणे, बागेत खणणे असे जोमाचे श्रम ज्यांनी लिहिले होते, त्यांना हृद्रोगाचा धोका इतरांच्या सुमारे एकतृतीयांश होता. येथे नोकरी सर्वांची बैठीच होती. फरक होता तो कचेरी सुटल्यानंतरच्या वेळाचा, आणि तो वेळ ज्याच्या त्याच्या हाती होता.

मॉरिस स्वतः पोहत आणि लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर धावत. पाहणाऱ्यांना तो वेडेपणा वाटे. २००९ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी, ते वारले.