सावलीची करामत

श्रोतेहो, आज रात्री एक गंमत करून पाहा. खोलीत अंधार करा, कंदील हनुवटीखाली धरा आणि आरशात बघा. आपलाच चेहरा, पण आपणच दचकतो! आता तोच कंदील डोक्याच्या वर उचला. लगेच सगळे ठाकठीक. असे का व्हावे? ऊन वरून येते, नाकाची सावली खाली पडते. ही आपल्या डोळ्यांची जन्माची सवय. ती मोडली की मन बिचकते.

भयपट काढणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. १९२० साली जर्मनीत ‘डॉक्टर कॅलिगारी’चा चित्रपट निघाला. त्यात सावल्या चक्क पडद्यांवर रंगवलेल्या होत्या. दोनच वर्षांनी ‘नोस्फेरातू’ आला. त्यातला पिशाच्च जिना चढतो, तेव्हा आपल्याला दिसते ती फक्त भिंतीवरची त्याची सावली. पिशाच्च पाहून जेवढी भीती वाटली नसती, तेवढी त्या सावलीने वाटते.

असे चित्रपट निघत होते त्या काळात म्युनिकमध्ये योसेफ विर्शिंग नावाचा तरुण छायालेखनाचे काम करीत होता. १९२५ साली ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रणासाठी तो हिंदुस्थानात आला. पुढे १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, तेव्हा तिचा कॅमेरा त्याच्याच हाती आला. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध केले गेले. पण सुटल्यावर त्याने हा देश सोडला नाही. १९४९ सालचा कमाल अमरोही यांचा ‘महल’ त्यानेच टिपला.

त्या ‘महल’ची सुरुवात आठवा. वादळी रात्र, नदीकाठचा ओसाड वाडा. नवा मालक हरिशंकर, म्हणजे अशोककुमार, आत येतो. म्हातारा माळी त्या वास्तूची दुःखाची कहाणी सांगतो. पुढे भिंतीवरची तसबीर खाली पडते. पाहतो तो काय, जुन्या मालकाचा चेहरा हुबेहूब याच्यासारखा! घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि कुठून तरी बाईचे गाणे ऐकू येते.

इथे विर्शिंग काय करतो, ते नीट पाहा. सगळी खोली तो उजळीत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला प्रकाश, दुसरी बाजू काळोखात. दालनाचे कोपरे अंधारातच. त्या कोपऱ्यांत काय असेल, ते आपले मन भरून काढते. गाणारी मधुबाला आपल्याला नीट भेटतच नाही. जवळ जावे तो ती नाहीशी होते. आवाजाचीही तीच युक्ती. लताबाई मंगेशकरांनी पुढे सांगितले आहे की, त्या ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात जवळ आल्या. त्यामुळे तो सूर दुरून चालत आल्यासारखा वाटतो.

आणि शेवटी काय निघते? भूतबीत कोणी नाही. ती असते माळ्याची मुलगी, हाडामांसाची. भूत उभे केले होते ते अर्धवट प्रकाशाने आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टीने.

शिक्षकबंधूंनो, हा कंदिलाचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवा. पिंपळाखालच्या ज्या भुताला मूल भिते, तेही बहुधा असेच घडलेले असते. सावली कशी पडते हे ज्याला कळले, तो सिनेमात खुशाल घाबरेल. पण अंधारातून घरी येताना त्याचे पाऊल अडखळणार नाही.