नगरसभेंतून कायदेमंडळांत : सर फिरोजशहा मेहता

राजकारण म्हटलें कीं आपली दृष्टि दिल्लीकडे वळते. गटारें, नळ आणि घरपट्टी यांकडे ती क्वचितच जाते. परंतु सर फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) यांनीं मोठ्या राजकारणाचे धडे याच कारभारांत गिरविले.

१८७१ सालीं मुंबईचे करदाते खवळले होते. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं शहराची सफाई केली, मोठी मंडई उभारली. पण खर्चाला धरबंध उरला नाहीं. कमिशनरचे अधिकारच छाटावे, अशी ओरड सुरू झाली. त्या वेळीं सव्वीस वर्षांच्या या बॅरिस्टरानें फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें निबंध वाचून निराळेंच सांगितलें : कर्तबगार अधिकारी असावाच, उणीव आहे ती त्याला जाब विचारणाऱ्या लोकनियुक्त सभेची. लोकांना हें रुचलें नाहीं. तथापि १८७२ च्या कायद्यानें ६४ पैकीं ३२ सभासद करदात्यांनीं निवडावे, असें ठरलें. मताधिकार मूठभरांचाच होता. पण पायंडा पडला. १८८८ च्या कायद्याच्या घडणींतहि मेहतांचा मोठा वांटा होता. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजहि मुंबईच्या कारभाराचा पाया आहे.

हिशेब विचारण्याची हीच संवय त्यांनीं कायदेमंडळांत नेली. १९०१ सालीं सरकारनें जमीनमहसुलाचें बिल आणलें. साऱ्यापायीं जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला पुनः देतांना ती विकण्याचा हक्क काढून घेण्याची त्यांत सोय होती. सरकारी बहुमतापुढें युक्तिवाद व्यर्थ ठरतांच मेहता, गोखले आदि सभासद सभागृह सोडून गेले.

१९०७ सालीं कांहीं बड्या अधिकाऱ्यांनीं त्यांना नगरसभेंतून दूर करण्याचा घाट घातला. जस्टिसांच्या १६ जागांसाठीं झालेल्या निवडणुकींत ते सतरावे आले! पण निवडून आलेला एक सभासद कायद्यानें अपात्र ठरला, आणि मेहता पुनः सभेंत आले.

आमचें चाकण एके काळीं संग्रामदुर्गासाठीं आणि कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध. आज तेथें कारखाने आहेत, नगरपरिषदहि आहे. रस्त्यांत पाणी तुंबलें कीं आम्ही अधिकाऱ्याला दोष देऊन घरीं बसतों. मीं वर्षानुवर्षें मुलांना नागरिकशास्त्र शिकविलें. परंतु गांवाचा अर्थसंकल्प एकदांहि वाचला नाहीं, हें कबूल करतांना संकोच वाटतो. जाब विचारणारा कोण, हा १८७१ चा प्रश्न अखेर आपल्याच उंबरठ्याशीं येऊन थांबतो.