जबाबदारीची एक ओळ

१९९४ साली फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीच्या संगणकावर बाहेरचा एखादा प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे निम्मा दिवस मोडायचा. एफटीपी सर्व्हरवरून सोर्सकोडची टार फाइल उतरवायची, ती सोडवायची आणि मेकफाइल उघडून बसायचं. कोड बहुधा दुसऱ्याच कुठल्या युनिक्सवर लिहिलेला असायचा. मग हेडर फाइल सापडायची नाही, लायब्ररीचं नाव वेगळं निघायचं. ओळी बदलत बदलत एकदाचा प्रोग्रॅम चालू झाला, तरी ती मेहनत त्या एकाच संगणकापुरती राहायची. दुसऱ्या गावातल्या माणसाला त्याच ओळी पुन्हा पहिल्यापासून शोधाव्या लागायच्या.

यावरचा तोडगा जॉर्डन हबर्ड यांनी काढला. ३८६बीएसडी या मोफत प्रणालीच्या दुरुस्त्यांचा ‘पॅचकिट’ सांभाळणाऱ्या तिघांपैकी ते एक होते, आणि त्याच धडपडीतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी उभी राहिली. २१ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांनी प्रकल्पाच्या भांडारात काही मॅक्रो टाकले. त्यांसाठी नवी भाषा घडवलेली नव्हती की नवा डेटाबेस उभारलेला नव्हता. युनिक्सवर १९७०च्या दशकापासून असलेलं ‘मेक’ हेच हत्यार त्यांनी कामाला लावलं. ‘पोर्ट्स कलेक्शन’ची सुरुवात इथे झाली.

एक पोर्ट म्हणजे एक छोटं फोल्डर. प्रोग्रॅमचा कोड त्यात नसतोच. असते ती तो बसवण्याची कृती. मेकफाइलीत नाव, आवृत्ती, कोड कुठून आणायचा आणि आधी काय काय लागेल, हे लिहिलेलं. ‘डिस्टइन्फो’त उतरवलेल्या फाइलीचा आकार आणि चेकसम, पूर्वी एमडी५ आणि आता एसएचए-२५६; वाटेत कुणी फाइल बदलली असेल तर काम तिथेच थांबतं. एका फाइलीत चार ओळींची ओळख असते. बसवलेल्या फाइलींची यादी दुसरीत असते, म्हणजे प्रोग्रॅम काढताना कचरा मागे राहत नाही. आणि ‘फाइल्स’ या उपफोल्डरात पॅच: कुणीतरी रात्र जागून शोधलेल्या त्या बदललेल्या ओळी, आता सर्वांसाठी.

मेकफाइलीतली सर्वांत मोलाची ओळ मात्र ‘मेंटेनर’ ही आहे. तिथे एका माणसाचा किंवा गटाचा ईमेल पत्ता असतो. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली, कंपायलर बदलला, सुरक्षेत भोक सापडलं, की पहिली विचारणा त्या पत्त्यावर होते. मेंटेनरला भांडारात थेट लिहिण्याचा हक्क असेलच असं नाही. तो बदल सुचवतो, तसा हक्क असलेला ‘कमिटर’ तपासून आत घेतो. दोन आठवडे मेंटेनरकडून उत्तर आलं नाही, तर इतरांना त्याच्या पोर्टवर हात चालवता येतो. हा नियम रुक्ष वाटला तरी शहाणपणाचा आहे: माणसाचा मान राहतो आणि कामही अडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत हा सगळा संसार बर्कलीत शिकणाऱ्या सातोशी असामी यांनी सांभाळला. पुढे ‘पोर्टएमजीआर’ नावाच्या गटाकडे तो गेला.

मेंटेनरचं रोजचं काम किती बारीक असतं, हे एका उदाहरणावरून कळेल. लिनक्सवर लिहिलेल्या असंख्य स्क्रिप्टांची पहिली ओळ ‘बॅश’ हा शेल मुळाशी असलेल्या ‘बिन’ फोल्डरात शोधते. फ्रीबीएसडीत तो तिथे नसतो. मूळ प्रणाली एका बाजूला आणि बाहेरचं सारं ‘यूएसआर-लोकल’खाली, अशी या प्रणालीची शिस्त आहे. त्यामुळे स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडते. हा त्रास इतक्या वेळा झाला, की त्यासाठी ‘शीबँगफिक्स’ ही सोय पोर्टच्या चौकटीतच करावी लागली. चांगला मेंटेनर मात्र तेवढ्यावर थांबत नाही. तो दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवतो, म्हणजे पुढच्या आवृत्तीला पॅचच लागू नये.

ही पद्धत इतरांनीही उचलली. ओपनबीएसडीने आपलं ‘झाड’, म्हणजे पोर्टच्या फोल्डरांचा पसारा, वाढवलं. १९९७ मध्ये नेटबीएसडीचं ‘पॅकेजसोर्स’ सुरू झालं. जेंटू लिनक्सच्या ‘पोर्टेज’ने प्रेरणा इथूनच घेतली. हबर्ड स्वतः ॲपलमध्ये गेले आणि २००२ मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘डार्विनपोर्ट्स’मध्ये त्यांचा हात होता, त्याचंच पुढे ‘मॅकपोर्ट्स’ झालं.

२०१२ मध्ये फ्रीबीएसडीच्या या व्यवस्थेची कसोटी लागली. ११ नोव्हेंबरला लक्षात आलं, की पॅकेजं, म्हणजे पोर्टवरून आधीच बांधून ठेवलेले तयार प्रोग्रॅम, बनवणाऱ्या यंत्रणेतल्या दोन मशीनमध्ये कुणीतरी घुसलंय. एका डेव्हलपरची एसएसएच किल्ली चोरीला गेली होती. १७ नोव्हेंबरला प्रकल्पाने ते जाहीर केलं. कोडमध्ये फेरफार झाल्याचा पुरावा सापडला नाही, तरी १९ सप्टेंबरपासूनच्या तयार पॅकेजांची हमी देता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. डिसेंबरअखेर आलेल्या ९.१ आवृत्तीसोबत पॅकेजांचा नेहमीचा संच नव्हता. हा प्रामाणिकपणा महागात पडला, पण तोच योग्य होता. ज्यांना थांबायचं नव्हतं, त्यांना मूळ कोड उतरवून, चेकसम जुळवून, आपल्याच मशीनवर प्रोग्रॅम बांधता येत होता.

त्यानंतर पॅकेजांची बाजू नव्याने बांधली गेली. २०१४ च्या जानेवारीत आलेल्या १०.० आवृत्तीत ‘पीकेजी’ हे नवं साधन अधिकृत झालं. प्रत्येक पोर्ट कोऱ्या, बंदिस्त ‘जेल’मध्ये बांधून पाहणारं ‘पूद्रिएर’ मेंटेनरांच्या हाताशी आलं. मेकफाइलीत नोंदायची राहून गेलेली गरज तिथे लगेच उघडी पडते. बदलांची नोंद ठेवणारं पोर्टचं भांडार २०१२ मध्ये सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आणि २०२१ मध्ये गिटवर गेलं.

आज फ्रीबीएसडीच्या झाडात ३०,०००हून अधिक पोर्ट आहेत. माणसं मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. नोकरी बदलते, घरात मूल येतं, रस संपतो. मग ‘मेंटेनर’च्या ओळीत व्यक्तीऐवजी सामायिक पत्ता येतो, आणि ते पोर्ट कुणीही दत्तक घ्यावं अशी मुभा असते. १ जानेवारी २०२० ला पायथन २चा आधार संपला, तेव्हा कुणाकडे किती बळ आहे ते दिसलं. जिथे कुणी राबणारं होतं, तिथे प्रोग्रॅम पायथन ३वर गेले. उरलेल्यांच्या मेकफाइलीत आधी मुदतीची तारीख आली, मग ती पोर्ट काढली गेली. काढलेल्या पोर्टचं नाव, तारीख आणि कारण ‘मूव्ह्ड’ नावाच्या फाइलीत एका ओळीत नोंदलेलं असतं.