शवविच्छेदन : कुटुंबीयांसाठी माहिती

शवविच्छेदन : मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी मृतदेहाची बाहेरून व आतून केली जाणारी वैद्यकीय तपासणी, बोलीत पोस्टमॉर्टेम किंवा नुसते ‘पीएम’. आजाराचे स्वरूप समजावे म्हणून रुग्णालय करते ती तपासणी नातेवाइकांच्या संमतीनेच होते. अपघात, आत्महत्या, खून, विषबाधा, सर्पदंश किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात व देह सरकारी डॉक्टरांकडे पाठवतात. हे अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने दिले आहेत. तेथे संमती लागत नाही. लग्नाला सात वर्षे पूर्ण न झालेल्या विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर हे कलम विशेष कडक आहे. तिच्या नातेवाइकांनी मागणी केली तरी देह तपासणीला पाठवावा लागतो. माहेरच्यांनी हा हक्क जरूर वापरावा.

तपासणीत डोके, छाती व पोट उघडून अवयव पाहतात आणि शेवटी देह शिवून परत देतात. चेहरा सहसा तसाच राहतो, त्यामुळे अंत्यदर्शनाला अडचण येत नाही. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने २०२१ मध्ये मुभा दिली; खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह व घातपाताचा संशय ही प्रकरणे एरवी त्यातून वगळली आहेत.

सरकारी रुग्णालयात पोलिसांमार्फत होणाऱ्या या तपासणीचे पैसे कुटुंबाला द्यावे लागत नाहीत. खर्च येतो तो शववाहिकेचा, खासगी शीतपेटीचा, आणि देह विमानाने न्यायचा असेल तर एम्बामिंगचा, म्हणजे देह टिकवण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेचा. शवागाराच्या दारात कापड, शिलाई किंवा ‘चहापाणी’ म्हणून पैसे मागितले जातात, ती सरळ लाच आहे. शोकात बुडालेल्या माणसाच्या खिशात हात घालण्याचा हा प्रकार अत्यंत लाजिरवाणा असून महाराष्ट्रात त्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करता येते. बिल थकले म्हणून रुग्णालयाने देह अडवून ठेवणेही रुग्ण हक्क सनदेच्या विरुद्ध आहे.

विषाची शंका असल्यास व्हिसेरा, म्हणजे आतील अवयवांचे नमुने, न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि कारणाबाबतचे मत राखून ठेवले जाते. निष्कर्षाला महिनोन्‌महिने लागू शकतात. मृतदेह मात्र तोवर अडकून राहत नाही. अपघात विम्यासाठी, तसेच गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील दोन लाख रुपयांसाठी अहवाल व पंचनामा लागतात. त्यांच्या प्रती पोलीस ठाण्यातून मागून घ्याव्यात, आणि पंचनाम्यावेळीच मृताचे नाव व वय आधारकार्डाशी ताडून पाहावे. एका अक्षराच्या फरकाने दावे अडतात.

शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालये देहदानासाठी सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र होऊ शकते. नेत्रपटल साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते, म्हणून ती इच्छा पोलिसांना व डॉक्टरांना आधीच सांगावी.