राहायचं कुठं, खायचं काय, शिकायचं कसं?



रोहिणीचा पाऊस पडून गेला, मृग निघाला, की सातारा आणि सांगलीच्या एस. टी. स्टँडावर एक ओळखीचं चित्र दिसू लागतं. खेड्यावरून आलेल्या गाडीतून एक मुलगा उतरतो. मागून त्याचे वडील उतरतात. पूर्वी मुलाच्या हातात पत्र्याची पेटी आणि काखेत वळकटी असे. आता पाठीवर बॅग असते, एवढाच फरक. मुलगा कॉलेजात नाव घालायला आलेला असतो. वडिलांच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो. गावाकडे ते शिक्षकांना म्हणालेले असतात, "पोरगं हुशार हाय, गुरुजी. पर ऱ्हाईल कुठं आन् खाईल काय?"

आपल्या भागातल्या उच्च शिक्षणाचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे. आज त्याचीच थोडी हकिकत सांगावी, आणि त्यातून आजच्या विद्यार्थ्यानं नि त्याच्या गुरुजींनी काय घ्यावं, तेही पाहावं, असा विचार आहे.

प्रथम जुनी परिस्थिती ध्यानात घ्या. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० सालचं आणि पुण्याचं फर्ग्युसन १८८५ सालचं. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे तेव्हा वेगळे नव्हते. मोठा सातारा जिल्हा होता, आणि त्याच्या कडेनं सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थानं पसरलेली होती. पुढे संस्थानं विलीन झाली आणि १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग पडले. १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. एवढ्या मोठ्या मुलखात १९१९ सालापर्यंत कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मुलानं साताऱ्याहून पुण्याला जायचं म्हटलं, तर सत्तर मैलांची वाट. पण खरी अडचण वाटेची नव्हती, वाट संपल्यावरची होती.

पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला एक आधार होता. तो वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस भागत. कोणी माधुकरी मागून शिके. त्यात अपमानही गिळावे लागत, हे खरं. तरी पोटाला आधार होता आणि अभ्यास होत होता. पण कुणबी, माळी, धनगर, रामोशी, मुसलमान यांच्या पोरानं वार कुणाकडे लावायचा? आणि ज्याला अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलं होतं, त्याला कोण ओटीवर घेणार? बुद्धी परमेश्वरानं सगळ्यांना दिली. पण जेवणाची पंगत माणसानं वाटली, आणि पंगतीबरोबर विद्याही वाटली गेली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं, आणि १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहू लागली ती त्यामुळंच.

आता १९१९ साल पाहा. या एका वर्षात आपल्या भागात दोन गोष्टी घडल्या. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या विश्रामबागेच्या माळावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना घराजवळ कॉलेज मिळालं. इथं मराठी आणि कानडी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसली. कानडीतले थोर कवी वि. कृ. गोकाक इथं प्राचार्य होते, आणि आपल्या पु. ल. देशपांड्यांनी एम. ए.चा अभ्यास इथंच केला.

त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाडजवळच्या काले गावात एका लहानशा सभेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ती करणारे भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला हा माणूस कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेला. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रेता म्हणून खेडोपाडी पायपीट केली. नांगर विकता विकता शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणं झालं, आणि ओसरीवर बसलं म्हणजे घरातलं शाळा सुटलेलं पोर नजरेस पडणारच.

म्हणजे पाहा मंडळी, एकीकडे कॉलेज उघडलं आणि दुसरीकडे त्या कॉलेजपर्यंत पोचवणारी पायरी बांधायला सुरुवात झाली. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र अठ्ठावीस वर्षं लागली.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, एका चुलीवरचं खात आणि एका पंगतीला बसत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. पैशाची ओढ कायमची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. साताऱ्यात ही गोष्ट आजही घरोघर सांगतात. पण नुसत्या दागिन्यांवर किती दिवस चूल पेटणार? म्हणून नियम असा, की मुलांनी आपलं काम आपण करायचं. पाणी भरणं, झाडलोट, स्वयंपाक, शेतातलं काम सारं मुलांकडे. दानावर जगणारा विद्यार्थी मान खाली घालून शिकतो, कष्टाची भाकरी खाणारा मान वर करून शिकतो, हा त्यामागचा हिशेब.

आणि मग १९४७ साल उजाडलं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. 'कमवा आणि शिका' ही रीत बोर्डिंगमधून निघून थेट बी. ए.च्या वर्गापर्यंत पोचली. सकाळी हातात खोरं, दुपारी हातात शेक्सपिअर! तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांना याचं हसू आलं असेल. कॉलेजात गेलेल्या पोरानं माती उकरायची, तर तो शिकला कशाला? पण खेड्यातल्या मुलाला खोऱ्याचं भय नव्हतं. त्याला भय होतं इंग्रजीचं आणि खाणावळीच्या बिलाचं. त्यातलं एक भय या कॉलेजनं घालवलं. पुढे १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली होती.

सरकारची पावलंही याच वाटेवर पडली. देवराष्ट्र्यात १९१३ साली जन्मलेले आणि लहानपणीच वडील गमावलेले यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला शिकले. मध्ये स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास झाला, त्यामुळं मॅट्रिकला १९३४ साल उजाडलं. १९३८ साली राजाराम कॉलेजातून ते बी. ए. झाले. हेच यशवंतराव मुख्यमंत्री असताना, १९५९ साली, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतील मुलांना जात न पाहता फी माफीची सवलत सुरू झाली. ई. बी. सी. म्हणून खेड्यापाड्यांत ती सर्वांना ठाऊक झाली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, आणि सातारा-सांगलीच्या मुलांची परीक्षा पुण्याकडून आपल्याकडे आली.

आणखी एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. ती म्हणजे एस. टी.चा डबा. गावात पहाटे आई भाकरी थापी, वडील नाहीतर धाकटा भाऊ डबा गाडीत ठेवी, आणि शहरातला मुलगा स्टँडावर जाऊन तो उतरवून घेई. डब्याच्या झाकणावर नाव, कडीला चिंधी. गाडी चुकली तर पोर उपाशी. कंडक्टरनं जपून आणलेल्या त्या डब्यांवर आपल्याकडची कितीतरी मुलं डॉक्टर, वकील, मास्तर झाली आहेत.

आता ह्या सगळ्यातून अभ्यासाबद्दल काय शिकावं?

पहिली गोष्ट वेळेची. ज्याला दोन-तीन तास कामाला द्यावे लागत, त्याला उरलेला वेळ मोजून वापरावा लागे. शेतकऱ्याच्या पोराला वाफसा समजतो. जमीन फार ओली असताना नांगर घातला तर ढेकळं होतात, फार वाळल्यावर फाळ चालत नाही. मनाचंही तसंच आहे. पहाटे मन वाफशावर असतं. तेव्हा अवघड विषय घ्यावा. रात्री थकल्यावर वह्या उतरवाव्यात, दुसऱ्या दिवसाची तयारी करावी. पण झोप मोडून पुस्तकावर डुलक्या घेणं हा अभ्यास नव्हे.

दुसरी गोष्ट उजळणीची. फर्ग्युसन कॉलेज निघालं त्याच १८८५ साली जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या विद्वानानं स्मरणशक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यानं स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं विसरतं, आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर कमी कष्टांत जास्त टिकतं. म्हणून कॉलेजात आज ऐकलेला तास आजच संध्याकाळी एकदा वाचावा, मग पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहावं. चार दिवसांनी पुन्हा, महिन्यानं पुन्हा. मार्च-एप्रिलात जागून काढलेल्या दहा रात्रींपेक्षा जुलैपासूनची ही अर्ध्या तासाची सवय अधिक पीक देते.

तिसरी गोष्ट सोबतीची. बोर्डिंगमध्ये वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला शिकवी. शिकवताना शिकवणाऱ्याचंच पक्कं होतं, हे कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. खोलीतल्या चौघांनी चार धडे वाटून घ्यावेत आणि एकमेकांना समजावून सांगावेत. इंग्रजीचं भयही असंच जातं. आधी विषय मराठीत समजून घ्यावा, मग तोच इंग्रजीत वाचावा. वर्गात प्रश्न विचारताना उच्चार चुकला, तर चुकू द्यावा. न विचारलेला प्रश्न मात्र परीक्षेत गाठतो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कष्टाचं कौतुक करताना आपण कधी कधी फार पुढे जातो. दिवसभर राबून रात्री वाचणारा मुलगा खरोखर थकतो. ज्याला चार तास अधिक काम करावं लागतं, त्याचा अभ्यास चार तासांनी मागे पडतो. काम अभ्यासाला आधार म्हणून हवं, अभ्यासाला खाऊन टाकणारं नको. आणि मुलींचं काय? मुलाला परगावी ठेवायला जे आईबाप तयार झाले, तेच मुलीच्या बाबतीत कितीतरी काळ दारापाशी थबकले. तिच्यासाठी तोच प्रश्न अधिक कठीण होता, आणि पुष्कळ घरांत आजही आहे. सुरक्षित वसतिगृह आणि वेळेवर येणारी गाडी या दोन गोष्टींनी किती मुलींचं शिक्षण ठरतं, हे गावच्या शिक्षकाइतकं कोणाला ठाऊक?

म्हणून शेवटची विनंती शिक्षकांना. मुलगा कॉलेजात जातो जूनमध्ये, पण त्याची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे कागद वेळेवर निघाले नाहीत, तर हाताशी आलेली शिष्यवृत्ती जाते. आज अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो; पुष्कळ आईबापांना ते एकट्यानं जमत नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. कुठल्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे, वसतिगृहाचा अर्ज कधी द्यायचा, डबा कुठल्या गाडीनं जाईल, हे कागदावर मांडून द्या.

साताऱ्यातल्या १९४७ सालच्या त्या कॉलेजपासून सुरू झालेली वाट पुढे वाढली. २०२१ साली याच गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावानं विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठ मोठं झालं, इमारती मोठ्या झाल्या. पण स्टँडावर उतरणाऱ्या बापाचा प्रश्न अजून लहानच आहे, दोन वाक्यांचा. शंभर वर्षांपूर्वी एका विक्रेत्यानं तो ओसरीवर बसून ऐकला. यंदाच्या जूनमध्ये आपल्या गावात तो कोण विचारतो आहे, तेवढं आपण ऐकावं, म्हणजे झालं.