शाळेचे नियम, पालकांचे अधिकार

हिंगोली जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची घंटा जूनच्या मध्यास वाजते. प्रवेशोत्सव होतो, नवी पुस्तके हाती पडतात आणि हजेरीपट भरून जातो. दिवाळी सरली की मात्र अनेक गावांतील हजेरीपटाचे रूप पालटते. कोयता घेऊन ऊसतोडणीच्या टोळीत निघालेली, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे आपली मुलेही सोबत नेतात. ज्या मुलाला सांभाळायला गावात कोणी नाही, त्याचे वर्गातील नाव कायम राहते, पण नावापुढची हजेरीची खूण थांबते. ते मूल पुन्हा वर्गात येईल की नाही, हे शिक्षकावर जेवढे अवलंबून असते तेवढेच पालकांवर आणि गावावरही असते. म्हणूनच शाळेचा कारभार कसा चालतो आणि त्यात पालकाला कोणते अधिकार आहेत, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस व हळद यांवर येथील अर्थकारण उभे आहे आणि शेतीच्या हंगामाचा परिणाम थेट शाळेच्या पटावर होतो. ग्रामीण भागातील बहुतेक प्राथमिक शिक्षणाचा भार जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. केंद्रप्रमुख, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी त्यावरील देखरेखीची उतरंड आहे.

शाळेचा दिवस

प्राथमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा हा त्याचा सर्वसाधारण क्रम. २०२३ पासून राज्यगीताची त्यात भर पडली. मराठवाड्यातील शाळांत स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताक दिनाबरोबरच १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्तही ध्वजवंदन होते. निजामी राजवटीच्या शेवटाची ती आठवण अनेक मुलांना पहिल्यांदा शाळेच्या अंगणातच कळते.

वेळेच्या बाबतीत राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये महत्त्वाचा निर्णय घेतला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी यासाठी पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असे त्यात सांगण्यात आले. त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर झाला. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, हा दंडक त्याआधीच, २०१५ मध्ये घालून देण्यात आला होता.

शाळा वर्षातून किती दिवस भरावी हेही कायद्याने ठरलेले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन झाले पाहिजे. शिक्षकाने अध्यापन व त्याची तयारी मिळून आठवड्याला किमान ४५ तास देणे अपेक्षित आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. ‘आज सर कुठे आहेत?’ हा पालकाचा प्रश्न त्यामुळे चौकसपणाचा नसून हक्काचा आहे.

समिती कुणाची?

पूर्वी गावोगावी ग्रामशिक्षण समित्या होत्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने अनुदानित व शासकीय शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आणि जून २०१० मध्ये राज्य शासनाने तिच्या रचनेचा निर्णय काढला. या समितीतील किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, अशीही तरतूद आहे. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती येते. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच निवडला जातो.

ही निवड पालकसभेत व्हावयाची असते. गावच्या पुढाऱ्याच्या ओसरीवर यादी ठरवून ती शाळेत पाठविण्याला नियमात जागा नाही. महिन्यातून किमान एक बैठक, तिची आगाऊ सूचना आणि इतिवृत्ताची नोंद ही पथ्येही पाळावी लागतात. प्रत्यक्षात बैठक न होता नोंदवही घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. महिला सदस्यांच्या बाबतीत तर नाव पत्नीचे आणि बोलणे पतीचे, असा प्रकार सर्रास घडतो. सोयाबीनच्या काढणीत किंवा हळदीच्या खांदणीत गुंतलेल्या मजूर पालकाला भर दुपारच्या बैठकीला येणे म्हणजे एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडणे होय. बैठकीची वेळ पालकांना विचारून ठरविली, तर निम्मी अडचण तेथेच सुटते.

कागदावरचे अधिकार

समितीचे काम झेंडावंदनाला हजर राहण्यापुरते नाही. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शासनाकडून आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखड्याची तयारी ही कायद्याने दिलेली कामे आहेत. पुढील तीन वर्षांत पट किती होईल, किती शिक्षक लागतील, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व पाण्याची सोय किती हवी याचा अंदाज या आराखड्यात मांडावयाचा असतो. शासनाचे अनुदान याच आराखड्याच्या आधारे ठरावे, असे कलम २२ सांगते. गळके छप्पर ही गावाची केवळ व्यथा न राहता आराखड्यातील लेखी मागणी झाली, की तिचा पाठपुरावा करता येतो.

शालेय पोषण आहार हे पालकांच्या देखरेखीचे दुसरे क्षेत्र. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रारंभी घरी धान्य दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे सक्तीचे झाले. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. अन्न वाटण्यापूर्वी मोठ्या माणसांनी ते चाखून पाहावे व त्याची नोंद ठेवावी, असा नियम आहे. शाळेतील ही चव नोंदवही पाहण्याचा आणि अधूनमधून पंगतीत बसून घास चाखण्याचा प्रघात पालकांनी पाडला, तर धान्याच्या दर्जाबद्दल वेगळी चौकशी लावावी लागणार नाही.

समितीच्या अधिकाराचे मोल गणवेशाच्या प्रकरणात राज्याने अनुभवले. गणवेशाची खरेदी समित्यांच्या हाती होती. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ या धोरणाखाली कापड आणि शिलाईची व्यवस्था राज्यस्तरावर गेली. गणवेश वेळेवर न मिळणे, मापे चुकणे अशा तक्रारी सर्वत्र उमटल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीला दिला. मुलाच्या अंगाचे माप गावातल्या शिंप्याला जेवढे कळते, तेवढे दूरच्या कार्यालयाला कळत नाही, हाच त्याचा अर्थ.

शिक्षा आणि परीक्षा

‘छडी लागे छमछम’चा काळ कायद्याने संपविला आहे. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध असून, दोषी शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होते. ‘मारा, पण शिकवा’ असे शिक्षकाला सांगणारे पालक आजही भेटतात. तसे सांगण्याचा अधिकार पालकालाही नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परीक्षेच्या बाबतीत नियम बदलला आहे. कायद्याच्या मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीसाठी मोकळीक दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम केले. आता या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घेतली जाते. तीतही अपयश आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. जे मूल वर्षातील चार-पाच महिने फडावर घालवते, त्याच्यासाठी पाचवीचे वर्ष त्यामुळे निर्णायक ठरते.

फडावर गेलेले मूल

स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कलम ५ नुसार मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही, हेही प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसविण्याची आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. राज्यात अशा मुलांसोबत शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. ते कार्ड कारखान्याच्या परिसरातील शाळेत दाखविले, की मुलाचे शिक्षण तेथून पुढे सुरू व्हावे, ही अपेक्षा.

याहून चांगला मार्ग मुलाला गावातच ठेवण्याचा. त्यासाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली. आई-वडील बाहेरगावी असताना मुले गावातच राहतात. दुपारचे जेवण शाळेच्या आहारातून आणि सकाळ-संध्याकाळचे वसतिगृहातून, अशी तिची मूळ कल्पना. विशेष म्हणजे हे वसतिगृह चालविण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर टाकण्यात आली. कोणती कुटुंबे जाणार, त्यांची किती मुले मागे राहू शकतील, आजी-आजोबांपैकी सांभाळणारे कोण आहे, याची माहिती गावाइतकी दुसऱ्या कोणालाच नसते. मात्र ही पाहणी मुकादमाची गाडी दाराशी लागण्यापूर्वी झाली पाहिजे. उचल घेतलेले कुटुंब एकदा निघाले की प्रस्ताव, मंजुरी आणि निधी यांना अर्थ उरत नाही. त्यामुळे सप्टेंबर व ऑक्टोबरमधील समितीची बैठक ही वर्षातील सर्वांत महत्त्वाची बैठक मानावयास हवी.

घर आणि वर्ग

शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी, हे कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. दुसरीकडे ६ ते १४ वयोगटातील आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सांगितले.

स्वतः न शिकलेल्या आईला यात काय करता येईल, असे विचारले जाते. २०२२ पासून राज्यात ‘पहिलं पाऊल’ या नावाने होणाऱ्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांच्या मातांचे छोटे गट करून खेळ, मोजणी, वस्तूंची वर्गवारी अशा सोप्या कृती त्यांच्या हाती दिल्या जातात. डाळ-तांदूळ वेगळे करणे, भाकरी मोजणे, रस्त्यात दिसलेल्या पाटीवरचे अक्षर ओळखणे यांतूनही मूल शिकते. त्यासाठी आईला लिहिता-वाचता येण्याची अट नाही.

तक्रार कोठे करावी?

प्रथम मुख्याध्यापक आणि समिती, त्यानंतर केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी, पुढे शिक्षणाधिकारी हा नेहमीचा मार्ग. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांत निर्णय होणे अपेक्षित आहे. तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर वाट न पाहता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.

शहरातील खासगी शाळांच्या पालकांसाठी २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघ स्थापन करून त्याच्या कार्यकारी समितीवरील पालकांची निवड इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून करावी लागते आणि शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो.

नियमांची उणीव आहे, असे आता म्हणता येणार नाही. उणीव आहे ती त्यांची माहिती असलेल्या पालकांची. समितीच्या नोंदवहीवर सही वा अंगठा मागितला गेला, तर त्याआधी ‘यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा’ एवढे वाक्य उच्चारण्याची हिंमत एका आईने केली, तरी त्या शाळेची समिती त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने कामाला लागेल.