एका ‘चार’चा घोळ

शनिवारी सकाळी लोक राजमाचीला जातात. मी गेल्या शनिवारी भिवंडीत एका शेव्हरलेखाली आडवा पडलो होतो. हातात टॉर्च, नाकात ग्रीसचा वास आणि शेजारच्या शेडमधल्या लूमची खडखड. शोधत होतो फक्त एक आकडा.

गाडी १९५१ ची. मालक आमचे गॅरेजवाले चाचा, वय सत्तरीच्या पुढे. गाडी त्यांच्या अब्बांची. चाचांना आता तिचं व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचंय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी वेगळे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्याने नोंदवायची असेल तर फी वीस हजार. फॉर्म ऑनलाइन. आणि ‘ऑनलाइन’ म्हटलं की आळीतल्या आयटीवाल्याला हाक मारायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच.

तर आरसी बुक उघडलं आणि पहिल्याच पानावर गचका बसला. जुना इंजिन नंबर लाल शाईने खोडलेला, शेजारी नवा नंबर, आरटीओचा शिक्का आणि साल १९६२. म्हणजे इंजिन मूळचं नाहीच. मग आहे कधीचं?

शेव्हरलेच्या त्या काळच्या इंजिनांवर ब्लॉक ओतल्याची तारीख लोखंडातच उमटवलेली असते. एक अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग सालाचा फक्त शेवटचा आकडा. वायर ब्रशने अर्धा तास घासल्यावर दिसलं: एफ, १८, ४. म्हणजे १८ जून आणि साल... चार. कुठले चार? १९४४ की १९५४? (वायटूकेचा घोळ आपल्या पिढीने फक्त ऐकलाय. डेट्रॉइटवाल्यांनी तो आधीच लोखंडात ओतून ठेवला होता.)

खरं सांगतो, मला ५४ हवं होतं. कारण सांगायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून यायचे, जोडणी इथे व्हायची. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जोडणी पुरे, ज्यांना इथे हळूहळू अख्खी गाडी बनवायची आहे त्यांनीच थांबावं. १९५४ मध्ये शिवडीचं काम बंद झालं. फोर्डनेही मुंबईतला गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर मात्र राहिली.

आता टायमिंग बघा. तिकडे १९५३ मध्ये शेव्हरलेने पहिली कॉर्व्हेट काढली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. तिच्यात इंजिन होतं साध्या शेव्हरलेचंच, २३५ घनइंची सहा सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर लावून १५० हॉर्सपॉवरपर्यंत नेलेलं. १९५५ च्या मॉडेलला शेव्हरलेचं ते प्रसिद्ध व्ही-एट आलं. १९६४ मध्ये पॉन्टियाक जीटीओ, त्याच वर्षी १७ एप्रिलला मस्टँग. म्हणजे अमेरिकेत वेगाची पार्टी सुरू होत होती आणि नेमकं त्याच वेळी शिवडीचं दार बंद झालं.

म्हणून ते ४ जर ५४ चं निघालं असतं, तर भिवंडीच्या एका शेडमध्ये कॉर्व्हेटच्या इंजिनाचं सख्खं भावंड सापडलं असतं! मी तर मनात या पोस्टचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

पण टॅपेट कव्हर नडलं. ५४ च्या इंजिनाला ते कडेने चार स्क्रूंनी धरलेलं असतं. इथे वर मधोमध दोन नट. तरी म्हटलं, हेड बदललेलं असू शकतं. चाचांनी काही न बोलता चेंबर उतरवला. आत बघितलं आणि संपलं. कनेक्टिंग रॉडच्या खाली चमच्यासारखे डिपर, तेल उडवून घ्यायला. बेअरिंग म्हणजे थेट रॉडमध्ये ओतलेलं व्हाइट मेटल. १९५४ पर्यंत शेव्हरलेच्या या इंजिनात बदलता येणारे पातळ शेल आणि पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग आलेलं होतं. म्हणजे हे जुनं २१६, साल १९४४.

आणि १९४४ म्हटलं की आणखी एक गोष्ट आपोआप ठरते. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत खासगी मोटारी बनवणंच थांबलं होतं. मग ४४ चं इंजिन कारचं असणार कसं? कॅनडात युद्धकाळात आठ लाखांहून जास्त फौजी वाहनं बनली. त्यातल्या शेव्हरले ट्रकांत हेच २१६ होतं, ८५ हॉर्सपॉवरचं. त्यातले कितीतरी ट्रक हिंदुस्थानात आले आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये विकले गेले. कल्याणची लष्करी छावणी तर इथून हाकेवर. पुढे तिथेच सिंधी निर्वासित आले आणि तिचं उल्हासनगर झालं.

मी चाचांना हे सगळं पुराव्यानिशी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “ट्रकचंच आहे. अब्बांनी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून आणलं. तू विचारलंच नाहीस.”

घ्या! अर्धा दिवस रिव्हर्स इंजिनियरिंग आणि डॉक्युमेंटेशन शेजारी बिडी ओढत बसलेलं.

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. बासष्टमध्ये मूळ इंजिनाचा ब्लॉक तडकला. शिवडी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. सत्तावनपासून परकीय चलनाची टंचाई, त्यामुळे आयातीवर सगळीकडून कात्री. नवीन ब्लॉक मिळणार कुठून? अब्बांनी ट्रकचं इंजिन आणलं. बेअरिंग झिजलेली होती. ती भरली एका लूमच्या फिटरने. व्हाइट मेटल वितळवून ओतलं, लेथवर बोअर केलं, स्क्रेपरने हाताने घासून बसवलं. भिवंडीला यात नवल नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले कितीतरी माग या गावाने भंगाराच्या भावात आणून पुन्हा चालते केलेत. आपल्याकडे ओरिजिनल पार्ट म्हणजे शेजारच्या लेथवर बनून येतो तो.

अमेरिकेतल्या हौशी लोकांचा हिशेब वेगळा. गाडी आणि इंजिन यांचे नंबर जुळले तर किंमत चढते, म्हणून तिकडे ब्लॉकवरचे नंबर घासून खोटे ठोकणारेही निघाले. इकडेही फॉर्मच्या कामासाठी आलेला एक एजंट सहज बोलून गेला, “चाचा, ग्राइंडर मारा, मूळ नंबर ठोकून देतो. कोण बघतंय?”

चाचांनी चेंबरचा बोल्ट पुसत पुसत उत्तर दिलं. “अब्बा ठाण्याला तीन खेपा घालून ती नोंद करून आले होते. लाल शाई त्यांनीच मागून घेतली. आता मी ती खोटी पाडू?”

एजंट गप्प. मीही गप्प. कारण कबूल करतो, अर्धा सेकंद मलाही ती आयडिया प्रॅक्टिकल वाटली होती. वीस हजार फी, वर समितीची तपासणी, आणि फॉर्ममध्ये खरं लिहिलं तर गाडी बाद होऊ शकते. चाचांच्या वयाला पुन्हा अपील-बिपील कोण करणार?

पण मला वाटतं, ‘मूळ स्वरूप’ ठरवताना हे बघायला हवं की बदल कधी आणि कशापायी झाला. गेल्या वर्षी हौसेने जपानी इंजिन बसवणं वेगळं. आणि सुटा भाग देशात येतच नव्हता तेव्हा त्याच कंपनीचं, त्याच साडेतीन लिटरचं इंजिन लावून साठ वर्षं गाडी चालती ठेवणं वेगळं. पहिला फेरफार आहे. दुसरा त्या गाडीचा इतिहासच आहे, आणि तो सरकारी शिक्क्यानिशी आरसी बुकात लिहिलेला आहे.

शेवटी फॉर्ममध्ये लिहिलं: इंजिन १९४४ चं, फौजी ट्रकचं, १९६२ मध्ये बदललेलं. सोबत खोडलेल्या नंबराच्या पानाचं स्कॅन जोडलं. सबमिट दाबायच्या आधी चाचांना विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, “अब्बांचं अक्षर नीट दिसतंय ना त्यात? मग दाब.”

दाबलं. समितीची तपासणी व्हायची आहे. तोवर चेंबर परत बसवायचाय आणि गॅस्केट आम्ही शनिवारी चक्क फाडून ठेवलंय. म्हणजे पुढचा वीकएंडही गेला.

असो. राजमाची कुठे पळून जात नाही.